घटक ४ : अंतर, वेळ आणि शब्द – हीथ्रो ते हेलसिंकी या उड्डाणाच्या निमित्ताने

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला,

– दोन विमानतळांमधील 'अंतर' या शब्दाचे वेगवेगळे अर्थ सांगता येतील.
– 'उड्डाणवेळ', 'प्रवासवेळ' आणि 'घड्याळातील वेळ' यांतील भेद स्पष्ट करता येईल.
– काल आणि अंतर दाखविणाऱ्या मराठी विभक्तिरूपांचा अचूक उपयोग करता येईल.
– आकडेवारी असलेला माहितीपर मजकूर संदिग्धता टाळून मराठीत लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपर लेखनाची सामान्य वैशिष्ट्ये पाहिली. माहितीपर लेखनात भाषा सोपी असावी, असे आपण सर्वच जण म्हणतो. मात्र सोपी भाषा आणि अचूक भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या लक्षात राहतेच असे नाही. हा भेद समजावून देण्यासाठी मी माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील ज्येष्ठ नागरिकांचा एक गट युरोपच्या सहलीला निघाला होता. त्यांचे प्रवासपत्रक इंग्रजीत होते. ते मराठीत करून देण्याचे काम मी आनंदाने स्वीकारले. पत्रकात लंडनचा हीथ्रो विमानतळ ते फिनलंडची राजधानी हेलसिंकी असे एक उड्डाण होते आणि चार दिवसांनी परतीचे. जाताना विमान सकाळी १०.२० ला सुटून दुपारी ३.१५ ला पोहोचणार होते. येताना ते दुपारी ४ वाजता सुटून सायंकाळी ५.१० ला पोहोचणार होते. वाचकांची सोय व्हावी म्हणून मी सरळ वजाबाकी केली आणि कंसात लिहिले : 'जाताना सुमारे पाच तास, येताना एक तास दहा मिनिटे.' एकाच मार्गावर एवढा फरक का पडावा, हा प्रश्न मला पडला होता. वाऱ्यामुळे पडत असेल, असे मीच माझे समाधान करून घेतले.

गटातील एका मधुमेही काकूंनी ते पत्रक शब्दशः खरे मानले. परतीच्या दिवशी त्यांनी नेहमीच्या वेळी गोळी घेतली. तासाभराचाच तर प्रवास आहे, लंडनला उतरूनच खाऊ, असे म्हणून त्यांनी जवळचा खाऊ सामानाच्या मोठ्या पेटीत टाकला. प्रवास तीन तासांहून अधिक चालला. दोन तास उलटल्यावर त्यांना घाम फुटला आणि हात थरथरू लागले. शेजारच्या प्रवाशाच्या ते लक्षात आले. विमानातील कर्मचाऱ्यांनी फळांचा रस दिला आणि त्या सावरल्या. परत आल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "सर, तुम्ही एक तास कुठून आणलात?"

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे प्रस्तुत घटक होय. माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. शुद्धलेखनही निर्दोष होते. चूक होती ती 'वेळ' या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी लपल्या आहेत, हे न ओळखण्याची. तुमच्यापैकी अनेक जण पुढे अनुवाद, वृत्तलेखन, पर्यटन किंवा अध्यापन या क्षेत्रांत जातील. तेथे अशा शब्दांची गाठ तुम्हांला नित्य पडणार आहे.

४.२ अंतर कोणते?

'लंडन ते हेलसिंकी अंतर किती?' हा प्रश्न वरवर साधा वाटतो. तरीही त्याचे उत्तर देण्यापूर्वी तीन उपप्रश्न विचारावे लागतात.

(अ) कोठून कोठपर्यंत? हीथ्रो विमानतळ लंडनच्या मध्यभागी नसून शहराच्या पश्चिमेस सुमारे २३ किलोमीटरवर आहे. हेलसिंकीचा विमानतळ प्रत्यक्षात शेजारच्या वांता या शहराच्या हद्दीत, हेलसिंकीच्या उत्तरेस आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निमित्ताने तो सुरू झाला. दोन शहरांच्या मध्यांमधील सरळ अंतर सुमारे १,८२० किलोमीटर भरते. दोन विमानतळांमधील अंतर मात्र सुमारे १,८४८ किलोमीटर आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. म्हणून 'लंडन-हेलसिंकी अंतर' असे मोघम न लिहिता 'हीथ्रो आणि हेलसिंकी या विमानतळांमधील अंतर' असे लिहिणे इष्ट.

(आ) कोणत्या रेषेने? पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा भाग असतो. ज्या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते, ते बृहद्वृत्त. हे समजून घेण्याचा सोपा उपाय असा : पृथ्वीगोलावर लंडनवर दोऱ्याचे एक टोक धरा, दुसरे हेलसिंकीवर धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा ज्या जागेवर स्थिरावेल, ते बृहद्वृत्तीय अंतर. त्याचा मध्यबिंदू डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याजवळ येतो.

हीच दोन शहरे भिंतीवरच्या नकाशात पट्टीने जोडली, तर रेषा वेगळी पडते. मर्केटरने १५६९ मध्ये तयार केलेल्या प्रक्षेपणात सरळ रेषा म्हणजे दिशा न बदलता कापलेला मार्ग. या मार्गाने गेल्यास हीथ्रोहून हेलसिंकीला जाण्यासाठी उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ५८ अंशांची एकच दिशा धरावी लागेल आणि अंतर सुमारे १,८५९ किलोमीटर होईल. बृहद्वृत्ताने जाताना मात्र आरंभीची दिशा सुमारे ४८ अंश असते आणि ती हळूहळू बदलत हेलसिंकीपाशी सुमारे ६९ अंश होते. येथे फरक केवळ ११ किलोमीटरांचा आहे. अंतर वाढते तसा, विशेषतः उत्तरेकडील अक्षांशांवर, हा फरक शेकडो किलोमीटरांवर जातो.

प्रत्यक्ष विमान या दोन्ही रेषांवरून तंतोतंत जात नाही. हवाई वाहतूक नियंत्रण, ठरवून दिलेले मार्गबिंदू, हवामान आणि धावपट्टीची दिशा यांनुसार त्याला वळसे घ्यावे लागतात. हीथ्रोवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेपावतात. त्यामुळे पूर्वेकडील हेलसिंकीला निघालेले विमान पुष्कळदा आधी पश्चिमेकडे उडते व मग वळते. म्हणजे 'दोन विमानतळांमधील अंतर' आणि 'विमानाने कापलेले अंतर' ही पुन्हा दोन वेगळी अंतरे झाली.

(इ) कोणत्या मापाने? विमानोड्डाणात अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो, तर जमिनीवरचा मैल सुमारे १,६०९ मीटरांचा. आपले १,८४८ किलोमीटर म्हणजे सुमारे ९९८ सागरी मैल, किंवा सुमारे १,१४८ साधे मैल. आता समजा, अनुवादकाने मूळ मजकुरातील 'सागरी' हे विशेषण अनावश्यक समजून गाळले आणि '९९८ मैल' एवढेच लिहिले. वाचक त्याचे किलोमीटर करील ते सुमारे १,६०६. एका विशेषणाच्या लोपाने २४० किलोमीटरांहून अधिक अंतर नाहीसे झाले! ललित लेखनात विशेषण गाळल्यास शैली बदलते. माहितीपर लेखनात वस्तुस्थितीच बदलते.

सागरी मैल हे माप मनमानी नाही. पृथ्वीच्या परिघाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाचे ६० कलांश मानले, तर एका कलांशाची लांबी साधारणपणे एक सागरी मैल भरते. हीथ्रो आणि हेलसिंकी यांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन सुमारे १६.६ अंशांचा आहे. त्याला ६० ने गुणा. उत्तर जवळजवळ ९९८ येते की नाही, ते पाहा.

आपली प्रगती तपासा – १
१. शहरांमधील अंतर आणि विमानतळांमधील अंतर यांत भेद का करावा लागतो?
२. बृहद्वृत्त म्हणजे काय? दोऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४.३ वेळ कोणती?

अंतराप्रमाणे वेळेचेही पदर सोडवून पाहावे लागतात. विमान चाकांखालचे ठोकळे काढून गेटपासून हलते, जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाते, आकाशात झेपावते, उतरते आणि पुन्हा जमिनीवरून चालत आपल्या जागेवर येऊन थांबते. यांतील झेपावण्यापासून उतरण्यापर्यंतचा काळ म्हणजे काटेकोर अर्थाने उड्डाणवेळ. गेटपासून गेटपर्यंतचा काळ अर्थातच त्याहून मोठा असतो. वेळापत्रकात छापलेल्या वेळा या गेटपासून गेटपर्यंतच्या असतात. हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर विमान रांगेत उभे राहून धावपट्टीपर्यंत पोहोचण्यातच पुष्कळ मिनिटे जातात. म्हणून आकाशातील वेळ अडीच तासांच्या आसपास असली, तरी वेळापत्रकात या मार्गासाठी सुमारे तीन तास धरलेले दिसतात.

हा हिशेब आपणही करून पाहू शकतो. मध्यम पल्ल्याचे जेट विमान उंचीवर स्थिरावल्यानंतर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. १,८४८ ला ८३० ने भागल्यास २ तास १४ मिनिटे येतात. तथापि हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे. हवाच वाहत असेल, तर जमिनीच्या तुलनेतला वेग बदलतो. युरोपच्या अक्षांशांवर उंचावरचे वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल, तर विमान जमिनीच्या तुलनेत ताशी ९१० किलोमीटरने जाईल आणि हेच अंतर २ तास २ मिनिटांत कापेल. तोच वारा समोरून आला, तर वेग ७५० वर येईल आणि २ तास २८ मिनिटे लागतील. चढण्या-उतरण्यातील मंद गती आणि मार्गातील वळसे यांची मिनिटे यांत मिळवावी लागतात.

येथे माझ्या चुकीच्या स्पष्टीकरणाकडे पुन्हा वळू. 'वाऱ्यामुळे फरक पडत असेल,' असे मी मनाशी म्हटले होते. वाऱ्यामुळे फरक पडतो, हे खरेच. मात्र तो सुमारे अर्ध्या तासाचा, चार तासांचा नव्हे. शिवाय तो उलट दिशेने पडतो. लंडनहून हेलसिंकीला जाताना विमान पूर्वेकडे जाते, म्हणून वारा साहाय्य करतो. येताना तो अडवतो. माझ्या पत्रकात तर जाण्याला अधिक आणि येण्याला कमी वेळ दाखविला होता. ओळखीचे कारण हाती लागले की आपण पडताळणी थांबवतो. माहितीपर लेखन करणाऱ्याने ही सवय प्रयत्नपूर्वक मोडली पाहिजे.

४.४ घड्याळ आणि कालावधी

खरे कारण होते ते प्रमाणवेळेचे. हेलसिंकीचे घड्याळ लंडनच्या दोन तास पुढे असते. दोन्ही देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. हा बदल दोन्हीकडे एकाच क्षणी होत असल्यामुळे दोन तासांचा फरक वर्षभर कायम राहतो. भारतात घड्याळे बदलत नाहीत. त्यामुळे आपण लंडनच्या हिवाळ्यात साडेपाच तास, तर उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतो. जुलै महिन्यात लंडनला सायंकाळी ५.१० ला उतरलेल्या मुलाने तत्काळ घरी फोन केला, तर पुण्यातील आईच्या घड्याळात रात्रीचे ९.४० झालेले असतात. जानेवारीत तोच फोन १०.४० ला येईल.

वेळापत्रकाचा संकेत असा की, सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावाच्या घड्याळाने आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावाच्या घड्याळाने द्यावी. हा संकेत प्रवाशाच्या सोयीचा आहे. मात्र त्यामुळे दोन वेळांची थेट वजाबाकी निरर्थक ठरते. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्या लागतात.

जाताना : लंडनचे १०.२० म्हणजे हेलसिंकीचे १२.२०. पोहोचण्याची वेळ ३.१५. कालावधी २ तास ५५ मिनिटे.
येताना : हेलसिंकीचे ४.०० म्हणजे लंडनचे २.००. पोहोचण्याची वेळ ५.१०. कालावधी ३ तास १० मिनिटे.

आता पाहा, आकडे कसे सुसंगत झाले. येताना पंधरा मिनिटे अधिक लागतात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी तो फरक जुळतोही. 'पाच तास' आणि 'एक तास दहा मिनिटे' हे दोन्ही आकडे कोणत्याही प्रवाशाने विमानात घालविलेले नव्हते. ते केवळ दोन घड्याळांच्या काट्यांमधील फरक होते.

आपली प्रगती तपासा – २
१. एक विमान हेलसिंकीहून सकाळी ८ वाजता सुटून लंडनला ९.०५ ला पोहोचते. प्रवासाचा कालावधी किती? (उत्तर : ३ तास ५ मिनिटे. तुमचे उत्तर वेगळे आल्यास ४.४ पुन्हा वाचा.)
२. वेळापत्रकातील वेळ आणि आकाशातील उड्डाणवेळ यांत फरक का असतो?

४.५ मराठीची साधने

हे सर्व भेद व्यक्त करण्यास मराठी समर्थ आहे का? निश्चितच आहे. आपली भाषा फार पूर्वीपासून अंतर वेळेत आणि वेळ अंतरात मोजत आली आहे. 'मजल दरमजल' या प्रयोगातील 'मजल' म्हणजे एका दिवसात कापला जाणारा टप्पा. 'हाकेच्या अंतरावर' या प्रयोगात तर माप आवाजाचे आहे. २४ मिनिटांची घटका आणि तीन तासांचा प्रहर ही कालमापे आपल्या परंपरेत आहेत. हीथ्रो ते हेलसिंकी हा प्रवास वेळापत्रकाच्या हिशेबाने जवळजवळ एका प्रहराचा आहे, असे आपण सहज म्हणू शकतो.

आधुनिक मराठीत हे काम मुख्यतः प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. पुढील वाक्ये लक्षपूर्वक वाचा.

(१) विमान तीन तास उडत होते.
(२) विमान तीन तासांत पोहोचते.
(३) विमान तीन तासांनी सुटेल.
(४) हेलसिंकी लंडनपासून तीन तासांवर आहे.
(५) हे तीन तासांचे उड्डाण आहे.
(६) विमान तीन वाजता पोहोचते.

पहिल्या वाक्यात 'तीन तास' हे प्रत्ययरहित रूप क्रियेचा विस्तार सांगते. दुसऱ्यातील 'त' हा प्रत्यय क्रिया त्या मर्यादेच्या आत पूर्ण होते, असे सांगतो. तिसऱ्यातील 'नी' बोलण्याच्या क्षणापासून तेवढा काळ लोटल्यावर, असा अर्थ देतो. त्यात प्रवास किती चालेल याविषयी काहीच सांगितलेले नाही. चौथ्यातील 'वर' काळाला अंतराचे रूप देतो. पाचव्यातील 'चे' कालावधीला उड्डाणाचा गुणधर्म बनवतो. सहाव्यातील 'वाजता' मात्र कालावधीविषयी मौन पाळतो आणि घड्याळातील एका बिंदूकडे बोट दाखवतो. तेही कोणत्या गावच्या घड्याळातील, हे न सांगता. पहिली पाच वाक्ये कोठेही वाचली तरी अर्थ बदलत नाही. सहाव्या वाक्याला 'स्थानिक वेळेनुसार' या शब्दांची जोड नसेल, तर ते अपुरे राहते. प्रवासपत्रकात मी 'वाजता'च्या वाक्यांतून 'तासांचे' हे रूप निर्माण केले. माझ्या चुकीचे भाषिक स्वरूप नेमके हे आहे.

आणखी एक निरीक्षण. 'विमान तीन तास उडाले' हे वाक्य मराठीत चालते. 'विमान तीन तास पोहोचले' हे मात्र कोणताही मराठी भाषक बोलणार नाही. कारण 'उडणे' ही विस्तार असलेली क्रिया आहे आणि 'पोहोचणे' ही बिंदुरूप क्रिया आहे. ती एका क्षणी घडते. मग प्रश्न उरतो तो असा : तो क्षण कोणता?

४.६ 'पोहोचणे' म्हणजे नेमके काय?

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. तो एकदा युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला होता. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमावलीनुसार उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशाला ठरावीक भरपाई मिळू शकते. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी ती २५० युरो आहे. १,५०० ते ३,५०० किलोमीटरांमधील उड्डाणासाठी ती ४०० युरो आहे. हे अंतर बृहद्वृत्ताने मोजावे, असे नियमावलीतच नमूद आहे. पुढे न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्णय दिला की, तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचलेल्या प्रवाशालाही ही भरपाई मागता येते. अपवादात्मक परिस्थितीमुळे झालेला विलंब यातून वगळला आहे. हेलसिंकीहून हीथ्रोला येणारे उड्डाण १,८४८ किलोमीटरांचे असल्याने ४०० युरोंच्या वर्गात बसते. कोणी ९९८ सागरी मैलांना चुकून ९९८ किलोमीटर समजले, तर तेच उड्डाण २५० युरोंच्या वर्गात जाऊन पडेल. मापाचे नाव लिहिणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानी येईल.

आता तो खटला पाहू. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथून जर्मनीतील कोलोन-बॉन विमानतळाकडे जाणारे एक विमान दुपारी १.३० ला सुटून २.४० ला पोहोचणार होते. ते उशिरा निघाले. कोलोन-बॉनच्या धावपट्टीला त्याची चाके ५.३८ ला टेकली. आपल्या जागेवर ते ५.४३ ला थांबले. त्यानंतर थोड्याच वेळात दार उघडले. चाके टेकणे म्हणजे पोहोचणे मानले, तर विलंब २ तास ५८ मिनिटांचा होता. जागेवर थांबणे म्हणजे पोहोचणे मानले, तर ३ तास ३ मिनिटांचा. एका प्रवाशाने २५० युरोंची मागणी केली. कंपनीचे म्हणणे असे की, तीन तास भरलेच नाहीत.

ऑस्ट्रियातील न्यायालयाने युरोपीय संघाच्या न्यायालयाला 'आगमनाची वेळ' या शब्दांचा अर्थ विचारला. चाके टेकण्याची वेळ, जागेवर थांबण्याची वेळ, दार उघडण्याची वेळ, की दोन्ही पक्षांनी करारात ठरविलेली वेळ? ४ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला : विमानाचे किमान एक दार उघडते आणि प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळते, ती आगमनाची वेळ. त्यामागचा विचार आपण समजून घेण्यासारखा आहे. उड्डाणाच्या काळात प्रवासी बंदिस्त जागेत, दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली असतो. त्याला आपली खाजगी वा व्यावसायिक कामे नेहमीप्रमाणे करता येत नाहीत, बाहेरच्या जगाशी मुक्तपणे संपर्क साधता येत नाही. चाके टेकल्याने ही स्थिती संपत नाही. जागेवर थांबल्यानेही संपत नाही. ती संपते दार उघडल्यावर. शिवाय हा अर्थ करारागणिक बदलता येणार नाही, तो सर्वत्र एकच राहील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

भाषेच्या अभ्यासकाने या निर्णयाकडे बारकाईने पाहावे. न्यायालयाने 'पोहोचणे' या क्रियेचा कर्ता बदलला. विमान कधी पोहोचले, असा प्रश्न न विचारता माणूस कधी पोहोचला, असा प्रश्न विचारला. चाके विमानाची टेकतात. दारातून बाहेर पडतो तो माणूस. मराठीतही आपण हा भेद जाणतोच. स्टेशनवर गाडी लागली, तरी घरी फोन करताना आपण म्हणतो, "गाडी आलीय, मी अजून पोहोचलो नाही."

४.७ लेखकासाठी पडताळणी

प्रवासाविषयी वा अन्य कोणत्याही मोजमापाविषयी मराठीत लिहिताना पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत.

१. अंतर कोठून कोठपर्यंतचे आहे आणि कोणत्या मार्गाने मोजले आहे?
२. मापाचे पूर्ण नाव लिहिले आहे का? 'सागरी' हे विशेषण गाळलेले तर नाही ना?
३. दिलेली वेळ घड्याळातील बिंदू आहे की कालावधी? बिंदू असल्यास कोणत्या गावच्या घड्याळाचा?
४. 'त', 'नी', 'वर', 'चे' यांपैकी योग्य रूप वापरले आहे का?
५. 'सुटणे', 'पोहोचणे' यांसारख्या बिंदुरूप क्रियांचा नेमका क्षण वाचकाला कळतो का?
६. आकडे विचित्र वाटत असल्यास त्यांचे कारण शोधले की केवळ कल्पिले?

या निकषांवर माझे मूळ वाक्य आता असे लिहावे लागेल : 'परतीचे विमान हेलसिंकीहून तेथील वेळेनुसार दुपारी ४ वाजता सुटते आणि लंडनला तेथील वेळेनुसार सायंकाळी ५.१० ला पोहोचते. हेलसिंकीचे घड्याळ लंडनच्या दोन तास पुढे असल्याने प्रत्यक्ष प्रवासास ३ तास १० मिनिटे लागतात. औषधे आणि खाणे हाताशी ठेवावे.' वाक्य लांबले, हे खरे. मात्र त्यातील प्रत्येक शब्द वाचकाच्या उपयोगाचा आहे. शेवटचे वाक्य मूळ इंग्रजी पत्रकात नव्हते. ते अनुवादकाने घालावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. वर्गात यावर अवश्य चर्चा करा.

४.८ सारांश

'अंतर' आणि 'वेळ' हे रोजच्या वापरातील शब्द अनेकार्थी आहेत. हीथ्रो आणि हेलसिंकी या विमानतळांमधील बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १,८४८ किलोमीटर आहे. वेळापत्रकानुसार प्रवासास सुमारे तीन तास लागतात आणि दोन घड्याळांत दोन तासांचा फरक असतो. या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की व्याकरणशुद्ध वाक्यही चुकीची माहिती देते. मराठीतील विभक्तिप्रत्यय हे भेद नेमकेपणाने दाखवू शकतात. ते जाणीवपूर्वक वापरणे ही लेखकाची जबाबदारी आहे. वाचक आपल्या शब्दांवर विसंबून गोळी घेतो, जेवण पुढे ढकलतो, पुढचे विमान ठरवतो. त्याचा तो विश्वास सार्थ ठरविणे, हे माहितीपर लेखनाचे पहिले प्रयोजन होय.

४.९ सरावासाठी स्वाध्याय

१. 'तीन तासांत', 'तीन तासांनी' आणि 'तीन तासांवर' यांतील अर्थभेद स्वतःच्या वाक्यांनी स्पष्ट करा.
२. 'आगमनाची वेळ' या शब्दप्रयोगाविषयीच्या न्यायालयीन निर्णयाचे भाषिक महत्त्व सुमारे १५० शब्दांत लिहा.
३. बिंदुरूप आणि विस्तार असलेल्या क्रियांची प्रत्येकी पाच मराठी उदाहरणे द्या.

४.१० उपक्रम

तुमच्या जवळच्या बसस्थानकावरील किंवा रेल्वेस्थानकावरील वेळापत्रक पाहा. त्यातील 'अंतर', 'वेळ', 'आगमन' आणि 'प्रस्थान' या शब्दांचा नेमका अर्थ तेथील कर्मचाऱ्यांना आदरपूर्वक विचारून टिपून ठेवा. गाडी 'आली' असे ते केव्हा मानतात आणि प्रवासी केव्हा मानतात, याची तुलना करा व एक पानाचा अहवाल लिहा.